मुका कप

आमच्या कारखान्यात कपांच्या दोनच जाती. बोलका आणि मुका. नखाने काठाखाली टिचकी मारली की जो 'टिण्ण' करून उत्तर देतो तो बोलका, तो पुढे पॅकिंगला जातो. ज्याच्या अंगात कुठेतरी केसाएवढा तडा गेलाय तो नुसता 'टक' करतो. तो मुका. त्याची रवानगी टेबलाखालच्या भंगाराच्या टोपलीत. असला तडा झिलईच्या चकाकीत लपतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि मग कुणाच्या तरी हातात गरम चहा ओतल्यावर कप उभा फुटतो. म्हणून भट्टीतून निघालेला एकेक नग आधी माझ्यासमोर येतो आणि मी त्याला विचारते, बोलतोस का?

सतरा वर्षं मी या टेबलावर बसतेय. दिवसाला दोन हजार टिचक्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख इतकं जाड झालंय की नेलकटर त्याच्यापुढे हात टेकतो. कारखान्यात माझं खरं नाव कुणाला आठवतही नसेल, सगळ्यांची मी टिचकीमावशी. पॅकिंगमधल्या एकीने तर मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणावरही तेच लिहिलं होतं. माझ्या टेबलावरून मुका कप पुढे गेला अशी सतरा वर्षांत एकही तक्रार नाही. हे मी उठता बसता सांगते असं माझी सून म्हणते. सांगणारच. तिनेही सतरा वर्षं एखादी गोष्ट न चुकता करून दाखवावी आणि मग बोलावं.

तर त्या महिन्यात मुके कप वाढले. एरवी शंभरात चार-पाच निघतात, ते पंचवीस निघायला लागले. दुपारपर्यंत टोपली भरायची. मी टोपलीकडे बघायची आणि माझं डोकं तापायचं, कारण कप तडकतो तो भट्टीत, आणि भट्टी म्हणजे भट्टीदादा.

भट्टीदादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. चौतीस वर्षं एकच भट्टी सांभाळलेला माणूस. निळी काच डोळ्याला लावून भोकातून आत बघायचे आणि ज्वाळेच्या रंगावरून आच सांगायचे. नंतर काटा बघितला की आकडा तोच. बोलणं मोजकं. कुणी काही विचारलं की आधी त्या माणसाच्या तोंडाकडे रोखून बघायचे आणि मग दोन शब्दांत उत्तर द्यायचे. मला ते घमेंडीचं लक्षण वाटायचं. त्यात एवढ्या वर्षांत त्यांनी कधी एका कपाला टिचकी मारून बघितली असेल तर शपथ. विचारलं तर म्हणायचे, "मी बघून सांगतो." मी म्हणायची, "दादा, मुका बघून कळत नाही. त्याला बोलतं करावं लागतं."

त्या दिवशी चौथी टोपली भरली तशी मी टेबल सोडून तडक भट्टीवर गेले. दादा माझ्याकडे पाठ करून बर्नरजवळ उभे होते. बर्नरचा पंखा घोंघावत होता. मी त्या पंख्याच्या वर आवाज काढला. "काय चालवलंय हे? झोप लागते का भट्टीपुढे? चारातला एक कप भंगारात जातोय! जमत नसेल तर सांगा तसं, आणि घरी बसून नातवंडं सांभाळा!" आणखीही बरंच बोलले, ते आता लिहीत नाही. माणसाने वळून तरी बघावं? मी तोंडाला फेस येईपर्यंत बोलले आणि दादा झडपेचं चाक फिरवत राहिले. या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारी माणसं मी पाहिली आहेत, पण यांनी तर या कानानेही ऐकलेलं दिसत नव्हतं. मी पाय आपटत निघाले ती थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये.

साहेबांनी महिन्याचे तक्ते काढले. तक्त्यात मी लिहिलेलेच आकडे होते, ते काय वेगळं सांगणार? दोन दिवसांनी निर्णय कानावर आला. सोमवारपासून भट्टीवर नवा माणूस, आणि दादा मागच्या अंगणात, मातीची पोती उतरवून घ्यायला. ऐकून मला बरं वाटलं. जरा जड वाटलं हेही खरं, पण बरं जास्त वाटलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दादा माझ्या टेबलाशी आले. हातात ट्रे, ट्रेमध्ये बारा कप.

"हे तुमच्या टोपलीतले," ते म्हणाले. "काल दिवसभर यात शाई भरून ठेवली होती. आज धुतली. बघा."

शाईची परीक्षा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तडा असेल तर शाई आत शिरते आणि धुतल्यावर निळा केस दिसतो. वेळ फार लागतो म्हणून रोज कुणी करत नाही, त्यासाठीच तर माझं नख आहे. मी बाराही कप फिरवून बघितले. पांढरे स्वच्छ.

"आणि अजून एक," दादा म्हणाले. "भट्टीत जाणाऱ्या त्याच गाडीवर, त्याच आगीत मोठे बाऊल होते. ते तुम्ही सगळे बोलके म्हणून पुढे पाठवलेत. लहान कप तेवढे मुके. माझी भट्टी काय माप बघून तापते?"

मी एक कप उचलला आणि टिचकी मारली. टक.

"मुका," मी म्हटलं.

माझ्या टेबलावर डबा खाणाऱ्या तिघीजणी होत्या. तिघींचे घास हातातच राहिले. दादा कपाकडे बघत नव्हते, त्या तिघींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांतली धाकटी चाचरत म्हणाली, "मावशी... बोलला की तो."

"काय बोलला?"

"टिण्ण म्हणाला. चांगला खणखणीत."

मी दुसरा घेतला. टक. तिसरा. टक. मग रॅकवरचा मोठा बाऊल ओढला आणि त्याला टिचकी हाणली. घण्ण! तो आवाज माझ्या हाडांपर्यंत पोचला. म्हणजे कान तर शाबूत होते! पुन्हा कप घेतला. टक.

"कानात मळ साचला असेल," मी म्हटलं.

"असेल," दादा म्हणाले आणि त्यांनी ट्रे उचलला.

"साहेबांना सांगणार?"

त्यांनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे रोखून बघितलं. "मी कशाला सांगू? कान काही माझे नाहीत," म्हणाले आणि गेले.

घरी आल्या आल्या सुनेला म्हटलं, उद्याचा तो कानाच्या दवाखान्याचा नंबर लाव. ती शाळेत शिकवते, त्यामुळे एकच गोष्ट चारदा सांगायची तिला सवय आहे, आणि ही ती वर्षभर सांगत होती. दोनदा तिने परस्पर नंबर लावला होता आणि दोन्ही वेळा मी कानावर हात ठेवले होते. टीव्हीचा आवाज मी वाढवायची, ती कमी करायची. फोन वाजलेला मला कळायचा नाही. पाच वर्षांची नात परवा "आजी, शिट्टी दे" म्हणाली तर मी तिला जवळ घेऊन मिठी दिली. तिने मुकाट्याने मिठी घेतली आणि पुन्हा म्हणाली, "आता शिट्टी." सगळं घर हसलं होतं. मीही हसले होते, का ते न कळता.

नंबर मिळेपर्यंत मात्र मला धीर निघेना. आरशासमोर उभी राहून हेअरपिनने कान कोरला. मळ काही निघाला नाही, कळ मात्र मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात उजेड टाकला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हेअरपिन घातलीत ना? आतली कातडी खरचटलीय. अजून जराशी आत गेली असती तर पडद्यालाच भोक पडलं असतं."

"मळ काढत होते."

"कान आपला मळ आपणच बाहेर ढकलत असतो, मावशी. तुम्ही तो ठोकून आत बसवता. पिन नाही, काडी नाही, तेल नाही. अडकलाच तर थेंब घालून मऊ करायचा आणि आमच्याकडे यायचं."

थोडा मळ खरंच होता. त्यांनी तो बारीक नळीने ओढून काढला. मी पिशवीतून कप काढला, तिथेच टिचकी मारली. टक. डॉक्टर कपाकडे बघत राहिले. मग मला शेजारच्या खोलीत पाठवलं.

ती खोली म्हणजे एक जाड दाराची पेटीच होती. बाहेरचा चकार शब्द आत येत नव्हता. माझ्या सुनेच्या वयाची एक मुलगी काचेपलीकडे बसली. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. घूं आला, दाबलं. पूं आला, दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं हिचं मशीन बंद पडलं. काचेतून बघितलं तर तिचं बोट सारखं कळ दाबत होतं. ती आवाज पाठवत होती. मी बटण घेऊन बसले होते आणि माझ्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

मग तिने कानामागच्या हाडावर एक ठोकळा बसवून तीच परीक्षा परत घेतली, आणि सगळं झाल्यावर एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर रेघ होती. निम्म्यापर्यंत सपाट जात होती आणि मग बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली येत होती.

"जाडे आवाज तुम्हाला छान येतात," ती म्हणाली. "बारीक, उंच आवाज गेलेत. नाजूक कपाचा आवाज नेमका इथे बसतो." तिने घसरगुंडीवर बोट ठेवलं. "मोठा बाऊल इथे, सपाटीवर. म्हणून तो ऐकू येतो."

"मग काढा काय अडकलंय ते."

"अडकलेलं काही नाही. मळ असतो, पडद्याला भोक असतं, पडद्यामागे पाणी साचतं, मधली छोटी हाडं जखडतात, तर आवाज वाटेत अडतो. त्याला औषध आहे, ऑपरेशन आहे. हाडावरून आवाज पाठवून मी तेच बघितलं. तुमची वाट मोकळी आहे, मावशी. आवाज जिथे पोचतो तिथेच कमी पडतंय. आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या झिजल्यात. वयाने झिजतात, काही औषधांनी झिजतात, घराण्यातही असतं कुणाच्या. पण अशी रेघ मी बहुतेक वेळा कारखान्यातल्या माणसांची बघते. तुम्ही मोठ्या आवाजात काम केलंय का?"

केलंय का! टेबलावर येण्याआधी अकरा वर्षं मी आमच्याच कारखान्याच्या माती दळायच्या गिरणीत होते. माणूसभर उंचीचे पोलादी पिंप, आत माती, पाणी आणि दगडाचे गोळे, आणि ते पिंप दिवसभर गरागरा फिरतात. शेजारी उभ्या बाईशी खुणांनी बोलायचं. त्या काळी एकीने कानात कापूस घातला तर मी तिची टर उडवली होती, हे भित्र्यांचं काम म्हणून. अकरा वर्षं मी ताठ मानेने त्या आवाजात उभी राहिले आणि त्याचा मला अभिमान होता. त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं.

"कापसाने भागलंही नसतं," ती म्हणाली. "कानात घालायचे खास बूच मिळतात, वरून आवाज अडवणाऱ्या कानटोप्या मिळतात."

"त्या पेशी परत येतील?"

"नाही."

"औषध?"

"यावर नाही. कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका. जे उरलंय त्याला यंत्राने जोर देता येतो, आणि तुमच्याकडे बरंच उरलंय. हां, एक दिवस अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी धावत यायचं, तिथे वेळ घालवायचा नाही. तुमचं तसं नाही, हे वर्षानुवर्षं झालंय, कपाच्या आवाजापर्यंत आत्ता पोचलं एवढंच."

आडपडदा न ठेवता तिने सांगितलं, ते मला आवडलं. केसाएवढा तडा कपात नव्हता, माझ्यातच होता. कागदाची घडी करून मी पिशवीत घातली, कपाशेजारी.

शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मनात आलं. टेबलावरच्या तिघी माझ्या हाताखाली शिकलेल्या, त्या तोंड उघडणार नाहीत. दादा म्हणालेच होते की सांगणार नाही. नवा भट्टीवाला आला की मी हळूच बरेच लहान कप बोलके ठरवायचे, भंगार कमी होईल, सगळे म्हणतील नवा माणूस गुणाचा, आणि माझं टेबल माझं राहील. फक्त एखादा मुका कप निसटेल आणि कुणाच्या तरी हातात फुटेल. आणि चौतीस वर्षांचा भट्टीवाला माझ्या शब्दाखातर पोती उतरवत म्हातारा होईल.

रविवारी दुपारी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून ऐकायला मी सात वर्षं थांबलेय. साहेबांना नंतर सांगा, पहिला मान माझा."

"चुकले," मी म्हटलं.

मला वाटलं आता ही हसणार. ती हसली नाही. हातातला टॉवेल खाली ठेवून तिने माझा हात धरला, तो टिचकीचा, जाड नखाचा. "एकदा म्हणून झालं ना," ती म्हणाली, "आता उद्या जड जाणार नाही."

साफ खोटं. सोमवारी फार जड गेलं.

सकाळी आठला साहेबांनी सगळ्यांना भट्टीसमोर गोळा केलं. नवा माणूस एका बाजूला नवाकोरा ॲप्रन बांधून उभा. दादा दुसऱ्या बाजूला, हातात ती निळी काच, नव्याच्या हवाली करायला पुसून आणलेली. साहेबांनी सुरुवात केली, "काही दिवसांपासून भंगाराचं प्रमाण..." आणि मी गर्दीतून पुढे झाले.

"साहेब, कप मुके नव्हते."

"काय, मावशी?"

"कप मुके नव्हते. माझे कान बहिरे झालेत. दादांचे चांगले कप महिनाभर मी भंगारात टाकले. भट्टी चोख आहे. हा त्याचा कागद." मी घसरगुंडीचा कागद उघडून सगळ्यांना दिसेल असा धरला. "आणि तुमच्या केबिनमध्ये येऊन मी दादांबद्दल जे बोलले, ते सगळ्यांसमोर मागे घेते. दादा, माझं चुकलं."

कमी ऐकणारा माणूस मोठ्याने बोलतो, म्हणून हे पार गेटवरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं. दादांनी मान हलवली आणि निळी काच परत खिशात घातली. नव्या माणसाची सोय साहेबांनी दुसऱ्या पाळीत लावली. मला त्यांनी बाजूला घेऊन, माझ्याकडे न बघता सांगितलं की सध्या तुम्ही पॅकिंगला बसा. सतरा वर्षांचं टेबल सोडून मी पॅकिंगला गेले. मान मी खाली घातली नाही. मी एकही मुका पुढे सोडला नव्हता, आणि त्या दिवशी तर सगळ्यांत मोठा मुका मी स्वतः टेबलावरून उचलून बाजूला काढला होता. याचा अभिमान वाटायला मला कुणाची परवानगी नको होती.

तीन आठवड्यांनी दोन्ही कानांना यंत्रं आली. कानामागे शेंगदाण्याएवढं, आत बारीक तार. पहिल्या दिवशी वाटलं, कुणी माझ्या डोक्यात कागद चुरगाळतंय. चपलांचा आवाज, नळाचा आवाज, सुनेच्या पोटातली गुरगुर, सगळंच ऐकू यायला लागलं. त्या मुलीने आधीच बजावलं होतं, "मेंदूला सवय व्हायला महिना-दोन महिने लागतील, काढून कपाटात ठेवायचं नाही." दोनदा कपाटाशी जाऊन परत फिरले. आणि एके सकाळी नात म्हणाली, "आजी, शिट्टी," आणि मी शिट्टी दिली. ती म्हणाली, "आता मिठीपण दे."

कपाचं मात्र गणित चुकलं. पॅकिंगमध्ये मी चोरून टिचकी मारली तर आवाज यायचा, पण लगेच थरथरून मरायचा. 'टिण्ण'मधला 'टि' माझा, पुढचं सगळं गायब. मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी सहा कप पिशवीत घालून दवाखान्यात धडकले आणि त्या मुलीच्या टेबलावर ओळीने मांडले.

तिने टिचक्या मारल्या, मला विचारलं, पुन्हा मारल्या, आणि मग ती हसायलाच लागली. "मावशी, या यंत्राला कधीकधी स्वतःचीच शिट्टी वाजते. म्हणून सलग बारीक आवाज आला की ते स्वतःच तो दाबून टाकतं. तुमचा कप इतका सुरेख वाजतो की त्याला वाटतंय ही आपलीच शिट्टी!"

"म्हणजे माझी चूक ते करतंय. चांगल्याला मुका ठरवतंय."

"अगदी तेच. थांबा." तासभर ती कॉम्प्युटरवर खटपट करत होती आणि मी टिचक्या मारत होते. बाहेर पेशंट खोळंबले. शेवटी तिने यंत्रात एक वेगळी सोय केली. बारकं बटण दाबलं की तेवढ्यापुरतं ते दाबणं बंद. "याला मी 'टिचकी' नाव दिलंय," ती म्हणाली. मी बटण दाबलं, कप उचलला आणि मारली.

टिण्ण.

मी सहाही कपांना विचारलं. सहाही बोलले. मी तिथेच बसून रडले, आणि त्या मुलीचे डोळेही भरून आले.

दोन महिने झाल्यावर साहेबांकडे गेले आणि टेबल परत मागितलं. साहेब म्हणाले, परीक्षा द्या. ठरलं असं की दादांनी चाळीस कप आणायचे, त्यात सहा मुके, ते आधी शाईने पारखलेले, बुडाशी पेन्सिलची खूण केलेले. त्या दिवशी भट्टीची दुरुस्ती होती. भट्टी गार, पंखा बंद, सगळे माझ्या टेबलाभोवती. मी बटण दाबलं आणि सुरुवात केली. टिण्ण. टिण्ण. टक. घाम फुटला होता, पण नख चुकत नव्हतं. संपलं तेव्हा बाजूला काढलेले सात होते.

साहेबांनी बुडं बघितली. "सहाच होते, मावशी. सहा बरोबर काढलेत. हा सातवा चांगला आहे."

"बाकीचे चौतीस मी स्वतः वाजवून घेतलेत," दादा म्हणाले.

चार महिन्यांपूर्वीची मी असते तर दादांवर तुटून पडले असते. आता मनात आलं, यंत्र पुन्हा शिट्टी समजलं असेल, कान पुन्हा फसले असतील. मी सातव्याला परत टिचकी मारली. परत. तो 'टक'च म्हणत होता.

"शाई आणा," मी म्हटलं.

शाई भरून तासभर ठेवली. कुणी जागचं हललं नाही. साहेबांनी स्वतः कप धुतला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. कपाच्या कानाखाली, नखाएवढा, निळा केस होता.

त्या तिघींनी टेबल बडवून जो कल्ला केला तो मला यंत्र काढूनही ऐकू आला असता. साहेब म्हणाले, "टेबल तुमचंच, मावशी," आणि गिरणीतल्या सगळ्यांना पुढच्याच आठवड्यापासून कानटोप्या देण्याची माझी मागणीही त्यांनी तिथल्या तिथे मान्य केली. मला इतका अभिमान वाटत होता की चेहऱ्यावरून तो लपवणं जमेना, आणि मी लपवलाही नाही.

दादा मात्र गर्दीत नव्हते. मी सातवा कप आणि एक चांगला कप घेऊन भट्टीकडे गेले. ते माझ्याकडे पाठ करून झडपा पुसत होते.

"दादा," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. आज पंखा बंद होता. मी पुन्हा हाक मारली. मग चांगल्या कपाला टिचकी मारली, टिण्ण, सगळ्या शेडमध्ये घुमली. ते झडप पुसत राहिले.

रोखून बघणं, मोजकं बोलणं, बघून सांगतो म्हणणं, त्या गुरुवारी तिघींच्या तोंडाकडे बघणं, आज सातवा कप वाजवून चांगला ठरवणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं. मी वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं फडकं झडपेवर टाकलं. "पंधरा वर्षं असतील," मग म्हणाले. "भट्टीला डोळे लागतात. कानांवाचून अडलं नाही."

"आणि गॅस सुटल्याची शिट्टी वाजली तर? ती काय डोळ्यांनी ऐकणार?"

त्यांनी मान खाली घातली.

"मग त्या दिवशी मी इथे उभी राहून तुम्हाला एवढं बोलले ते..."

"पाठीमागे काहीतरी चाललंय एवढं वाटलं. वळून बघितलं तर तुम्ही पाय आपटत निघाला होतात."

"म्हणजे माझा सगळा राग वाया गेला म्हणा!"

दादा हसले. चौतीस वर्षांच्या भट्टीने भाजलेला तो चेहरा मी पहिल्यांदाच हसताना बघितला. मग हळूच म्हणाले, "साहेबांना सांगणार?"

"मी कशाला सांगू? कान काही माझे नाहीत." त्यांना दिसावेत म्हणून मी शब्द सावकाश काढले. "शुक्रवारी अकरा वाजता दवाखान्यात. मी घेऊन जाणार. सोमवारी तुम्हीच सांगाल, इथे, सगळ्यांसमोर. मी शेजारी उभी राहीन."

त्यांनी माझ्या हातातला चांगला कप घेतला, उलटसुलट करून बघितला आणि आपल्या राठ बोटाने अवघडून त्याला टिचकी मारली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बोलला?" त्यांनी विचारलं.

"बोलला," मी म्हटलं. "तुमच्या भट्टीचा आहे. बोलणारच."